फाटक्या सनदेमागची फौज

मोडी कागद हातात आला की मी हल्ली आधी त्याचा शेवट बघतो. मायना, बिरुदं, दंडवत हे सगळं नंतर. शेवट जागेवर आहे का, कसरीनं खाल्लाय का, घडीवर झिजून गळून पडलाय का, हे पाहिल्याशिवाय वाचायला बसत नाही. ही सवय मला गुरूनं लावली नाही, कारण गुरू नव्हताच. नोकरी सांभाळून, बाराखडीचं जुनं पुस्तक पुढ्यात ठेवून मी मोडी शिकलो. सवय लावली ती माझ्याच एका चुकीनं, आणि त्या चुकीचं मर्म समजावलं एका इटालियन विनोदी चित्रपटानं. चुकीकडे मागाहून येतो. आधी चित्रपट.

‘लार्माता ब्रांकालेओने’, म्हणजे ‘ब्रांकालेओनेची फौज’, हा मारिओ मोनिचेल्लीचा १९६६चा चित्रपट. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत मी तो पाहिला. पंधरा-वीस प्रेक्षक, खाली इंग्रजी उपशीर्षकं, आणि माझं इंग्रजी तेव्हा बेताचं. तरी पोट धरून हसलो, घरी आलो आणि विसरलो. वीस-बावीस वर्षांनी पुन्हा पाहिला तेव्हा मात्र पहिल्या काही मिनिटांतच सावरून बसलो. ज्या वस्तूकडे पहिल्या वेळी माझं लक्षच गेलं नव्हतं, ती वस्तू म्हणजे या चित्रपटाचा कणा आहे. ती वस्तू म्हणजे एक सनद.

कथा इसवी सन हजारच्या आसपासची. एका गावावर लुटारू तुटून पडतात. कापाकापी चालू असताना आर्नोल्फो ‘लोखंडी हाताचा’ नावाचा एक सरदार येतो आणि लुटारूंना लोळवतो. पण गावातले वाचलेले दोन-चार उपटसुंभ त्या जखमी सरदारालाच गाठतात, लुबाडतात आणि नदीत ढकलून देतात. लुटीत त्यांना एक चर्मपत्र मिळतं. वाचता कुणालाच येत नाही. ते जातात आबाकुक नावाच्या म्हाताऱ्या ज्यू व्यापाऱ्याकडे. हा गृहस्थ आपल्या पेटाऱ्यातच राहतो, पेटाऱ्यासकट प्रवास करतो, आणि साऱ्या टोळीत साक्षर तो एकटाच. तो सांगतो की ही दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतातल्या आउरोकास्त्रो नावाच्या जहागिरीची सनद आहे. पत्राचा एक तुकडा तेवढा गायब आहे. त्याची कुणी फारशी फिकीर करत नाही.

सनद आहे, पण सनदेवर हक्क सांगायला सरदार हवा. तो मिळतो नोर्चा गावचा ब्रांकालेओने. व्हित्तोरिओ गास्माननं हा माणूस असा उभा केला आहे की त्याची छाती सदैव पुढे आणि पोट सदैव रिकामं. त्याची मालमत्ता म्हणजे फाटकं चिलखत, लांबलचक भाषणं आणि आक्विलांते नावाचा पिवळट, हट्टी घोडा. आधी तो या भुरट्यांना हाकलून देतो, कारण स्पर्धेत जिंकून त्याला एका सरदाराचा जावई व्हायचं असतं. घोडा ऐन वेळी दगा देतो, स्पर्धा हातची जाते, आणि मग स्वारी मुकाट्यानं सनदवाल्यांकडे येते. इथून फौज दक्षिणेला निघते. वाटेत तेओफिलात्तो हा बायझंटाइन घराण्यातला तरुण भेटतो (जान मारिया व्होलोन्ते). मला ओलीस ठेवल्याचं नाटक करा आणि माझ्या बापाकडून खंडणी उकळा, अशी त्याची सूचना. बाप एक दमडी देत नाही, कारण पोरगा अनौरस. एक ओसाड शहर फुकट लुटायला मिळालं म्हणून फौज खूश होते, तर शहर ओस पडलेलं असतं साथीमुळे. झेनोने नावाचा साधू त्यांना पवित्र भूमीकडे नेऊ लागतो, आणि एका डळमळत्या पुलावरून श्रद्धेच्या बळावर चालताना स्वतःच दरीत कोसळतो.

सगळेच प्रसंग सारखे रंगलेले नाहीत. बायझंटाइन वाड्यातला भाग मला दोन्ही वेळा लांबलेला वाटला. मातेल्दा या मुलीला तर पटकथेनं नुसती इकडून तिकडे नेली आहे. ब्रांकालेओने तिला सुखरूप पोचवायचा शब्द देतो, तिच्यावर मोहित होऊनही तो शब्द पाळतो आणि बदल्यात पिंजऱ्यात जाऊन पडतो. तिला स्वतःला काय हवं, हे विचारायला मात्र लेखकांना सवड झालेली नाही.

शेवटी आउरोकास्त्रो येतं. समुद्रकाठचा किल्ला, आनंदानं स्वागत करणारी रयत, हातात गावाची सत्ता. आणि मग कळतं की सनदेच्या हरवलेल्या तुकड्यात काय होतं. ही जहागीर जो घेईल त्यानं समुद्रातून येणाऱ्या सारासेन चाच्यांपासून गावाचं रक्षण करायचं. शिडं तोवर दिसायला लागलेली असतात.

पहिल्या वेळी हा मला केवळ फजितीचा विनोद वाटला होता. पण युरोपातल्या मध्ययुगाची सगळी गोम त्या तुकड्यात आहे. तिथली जहागीर हे कधीच नुसतं बक्षीस नव्हतं, तो करार होता. जमिनीचं उत्पन्न घ्या, बदल्यात घोडा आणि भाला घेऊन हजर व्हा. आपल्याकडे सरंजाम आणि इनाम यांत जो फरक, तोच इथे आहे. सरंजामाचा गाव खायचा तो फौज बाळगण्यासाठी. इनामाला ती अट नाही. आबाकुकच्या हातातला कागद सरंजामाचा होता आणि टोळी तो इनामाचा समजून चालली होती.

मोनिचेल्लीनं हे हवेतून आणलेलं नाही. त्याच काळात आणि त्याच दक्षिण इटलीत ही गोष्ट खरोखर घडली होती. फक्त तिथल्या भुरट्यांचं नशीब बलवत्तर निघालं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या उत्तरेकडचे नॉर्मन लोक रोजगारासाठी इथे येऊ लागले. लहान जमीनदारांचे धाकटे मुलगे, घरी वाट्याला काही नाही, अंगात रग. लोम्बार्ड राजे, बायझंटाइन सुभेदार, नेपल्सचा ड्यूक हे सगळे एकमेकांशी भांडत होते आणि सगळ्यांनाच भाडोत्री तलवारी हव्या होत्या. १०३० साली नेपल्सचा ड्यूक सेर्जिओ चौथा यानं रेनुल्फ द्रेंगो नावाच्या नॉर्मनाला आव्हेर्सा हे ठाणं दिलं आणि आपली बहीणही दिली. मतलब उघड होता, की कापुआच्या राजापासून नेपल्सचं रक्षण कर. बायको वारल्यावर थोड्याच काळात रेनुल्फ कापुआलाच जाऊन मिळाला. दक्षिण इटलीतली ही नॉर्मनांची पहिली जहागीर. अट मोडूनही ती त्याच्याकडेच राहिली, हा तलवारीचा महिमा.

पाठोपाठ ओतव्हील घराण्याचे भाऊ आले. त्यांतला थोरला विल्यम १०४२ मध्ये पुल्याचा काउंट झाला. इतिहास त्याला ‘लोखंडी बाहूचा विल्यम’ म्हणून ओळखतो. चित्रपटातला सरदार ‘लोखंडी हाताचा’ आहे, हा निव्वळ योगायोग मानायला माझं मन धजत नाही. विल्यमचा सावत्र भाऊ रॉबेर गीस्कार यानं कालाब्रियात दरोडेखोरीनंच सुरुवात केली. १०५३ साली चिव्हिताते इथे नॉर्मनांनी खुद्द पोप लिओ नववा याच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि पोपला कैद केलं. सहा वर्षांनी मेल्फी इथे पुढच्या एका पोपनं, निकोलस दुसऱ्यानं, याच गीस्कारला पुल्या आणि कालाब्रियाचा ड्यूक केलं, आणि वर ‘भावी’ सिसिलीचाही. सिसिली तेव्हा मुसलमानांच्या ताब्यात होती. म्हणजे देणाऱ्याच्या हातात नसलेला मुलूख घेणाऱ्याला लिहून दिला, आणि तो जिंकायचा कसा ही घेणाऱ्याची डोकेदुखी. आउरोकास्त्रोची सनद यापेक्षा फार वेगळी आहे का? फरक एवढाच की गीस्कारनं १०७१ मध्ये बारी आणि भाऊ रॉजरच्या साथीनं १०७२ मध्ये पालेर्मो घेऊन दाखवलं. ब्रांकालेओने हा न जमलेला गीस्कार आहे.

इथे एक शब्द दुरुस्त करायला हवा. या चित्रपटाच्या ओळखीत ‘कोंदोत्तिएरे’ हा शब्द अनेकदा वापरला जातो. तो त्या काळाचा नव्हे. ‘कोंदोत्ता’ म्हणजे लष्करी सेवेचा लेखी करार, आणि तो करणारा सेनानायक कोंदोत्तिएरे. ही व्यवस्था ब्रांकालेओनेच्या नंतर तीनेकशे वर्षांनी, चौदाव्या शतकात भरास आली. त्या करारांत पक्की मुदत किती, पुढची ऐच्छिक मुदत किती, किती ‘भाले’ आणायचे (एक भाला म्हणजे साधारण तीन माणसांचं पथक), मेलेल्या घोड्याची भरपाई कुणी द्यायची, हे सगळं कलमवार असे. घोड्यांची वर्णनं लिहून घेत, डाग देत. मोगली दाग-चेहऱ्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. इंग्रज सेनानायक जॉन हॉकवुड याचा पगार थकला तेव्हा पोपनं त्याला रोख रकमेऐवजी बान्याकावाल्लो आणि कोतिन्योला ही गावं दिली. फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये पाओलो उच्चेल्लोनं १४३६ मध्ये काढलेलं त्याचं घोड्यावरचं भित्तिचित्र आजही आहे. ब्रांकालेओने त्या मानानं आपल्या शिलेदारासारखा आहे. घोडा स्वतःचा, आणि घोडा मेला की अब्रू आणि पोट दोन्ही गेलं.

चित्रपटाची भाषा हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. आजे आणि स्कार्पेल्ली या पटकथाकार जोडीनं मोनिचेल्लीबरोबर बसून एक बोलीच रचली. मोडकं लॅटिन, जुनी लोकभाषा आणि मध्य इटलीतल्या बोली यांची ती खिचडी आहे. अशी भाषा कुणी कधी बोललं नसेल, पण ऐकणाऱ्या इटालियन माणसाला ती समजते आणि पटतेही. मराठीत कल्पना करायची तर लीळाचरित्रातल्या गद्याला पूजेतल्या चुकीच्या संस्कृताची फोडणी द्यायची आणि वरून वऱ्हाडी शिव्या पेरायच्या. उपशीर्षकांतून यातलं काहीच हाती लागत नाही. गास्मान रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवलेला नट. तो ही भंकस भाषा शोकांतिकेतल्या राजाच्या थाटात म्हणतो आणि आपण थाटालाच हसतो.

पण मला या भाषेत दिसली ती पुन्हा जमिनीचीच कागदपत्रं. इटालियन लोकभाषेतलं सर्वांत जुनं ठाम तारखेचं वाक्य ९६० सालचं आहे आणि ते कवितेतलं नाही, कापुआच्या न्यायालयातलं आहे. मोन्ते कास्सिनोच्या मठाच्या जमिनीवरून दावा होता. निवाडा लिहिला लॅटिनमध्ये, पण साक्षीदारांचं म्हणणं लेखनिकानं लोकांच्या तोंडच्या भाषेत जसंच्या तसं टिपलं: अमुक सीमांच्या आतली ती जमीन तीस वर्षं संत बेनेदेत्तोच्या मठाच्या वहिवाटीत होती. आपल्याकडेही आद्य मराठी शिलालेखांत गणला जाणारा रायगड जिल्ह्यातला अक्षीचा लेख (शके ९३४) हा दानलेखच आहे. भाषा प्रथम लिहिली गेली ती जमीन कुणाची हे सांगण्यासाठी. रोममधल्या सान क्लेमेंते चर्चच्या तळघरात अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र आहे. त्यात संताच्या तोंडी लॅटिन, आणि नोकरांवर खेकसणाऱ्या धन्याच्या तोंडी लोकभाषेतल्या अस्सल शिव्या. आजे आणि स्कार्पेल्ली यांच्या विनोदाचं बी मला त्या भिंतीवर सापडतं.

चित्रणाबद्दलही दोन शब्द. वेशभूषा आणि देखावे पिएरो गेरार्दीचे. फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ आणि ‘साडेआठ’ या चित्रपटांच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस. इथे त्यानं चकचकीत चिलखतांना रजा दिली आणि चिंध्या, कातडी, गंजकी भांडी जमवली. सुरुवातीची रंगीत श्रेयनामावली एमानुएले लुझ्झातीच्या चित्रांची. कार्लो रुस्तिकेल्लीचं कूचगीत नायकाच्या नावाचे तुकडे करकरून गातं आणि दोन दिवस डोक्यातून जात नाही. इटालियनमध्ये ‘ब्रांकालेओनेची फौज’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. गबाळ्या, बेशिस्त आणि तरीही मोठ्या मोहिमेवर निघालेल्या कुठल्याही टोळक्याला तिथे हे नाव मिळतं.

आउरोकास्त्रो म्हणून जो किल्ला दिसतो तो कालाब्रियाच्या किनाऱ्यावरचा ले कास्तेल्ला. किनाऱ्याला चिंचोळ्या वाटेनं जोडलेला, तिन्ही बाजूंनी पाण्यात. फोटो पाहताच कोकणातलाच म्हणावा. आजची वास्तू आरागोन राजवटीची, म्हणजे ब्रांकालेओनेच्या काळाला पाचेकशे वर्षांनी चुकीची. पण जागा अचूक निवडली आहे. या किनाऱ्यांनी समुद्रातून येणारी भीती शतकानुशतकं भोगली. नवव्या शतकात बारी इथे चक्क अमिरात होती, ८४७ ते ८७१. ८८३ मध्ये मोन्ते कास्सिनोचा मठ लुटला गेला. आणि याच ले कास्तेल्लातल्या एका कोळ्याच्या पोराला १५३६ मध्ये चाच्यांनी पळवलं. तो गलबतावर वल्ही मारत राहिला, पुढे मुसलमान झाला आणि उलुच अली या नावानं ऑटोमन आरमाराचा प्रमुख झाला. लेपांतोच्या पराभवातून आपली गलबतं वाचवून नेणारा तो हाच. ज्या गावावर धाड पडली त्याच गावात आज त्याचा पुतळा आहे. सनदेच्या हरवलेल्या तुकड्यातला तो शत्रू असा कधी कधी गावचाच मुलगा निघतो.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एका घराण्यातले वयस्क गृहस्थ एक मोडी कागद घेऊन आले. गावाच्या उत्पन्नाचा तो कागद होता. खालचा चतकोर भाग कसरीनं नेला होता आणि जिथे कागद संपत होता तिथे एक शब्द अर्धाच उरला होता. तो मी ‘इनाम’ असा वाचला. खरं सांगायचं तर वाचला नाही, माझ्या मनानं भरला. कारण समोर ते गृहस्थ हात जोडून बसले होते, आणि मलाही शोध लावायची घाई होती. १८५२च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशन आलं आणि पुरावा दाखवता न आल्यानं कितीतरी घरांची इनामं बुडाली. त्यांतलंच हे एक, असा लेखही मी लिहून मोकळा झालो. त्या घरानं कागदाला काच करून घेतली. लग्नपत्रिकेत नावामागे ‘इनामदार’ लागलं.

सहा वर्षांनी एका दप्तरात दुसरंच काही शोधताना त्याच कागदाची नक्कल मिळाली. अखंड. बारा स्वार बाळगावे, हुजूर बोलावतील तेव्हा चाकरीस हजर व्हावे, न झाल्यास गाव सरकारात जमा. आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात शेरा होता, की चाकरी न झाल्यामुळे गाव जप्त. गाव इंग्रजांनी नव्हे, इंग्रज येण्याआधीच काढून घेतलं होतं.

मी चार ओळींची दुरुस्ती छापली आणि नक्कल घेऊन त्या घरी गेलो. म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलानं नक्कल शांतपणे ऐकून घेतली. मग भिंतीवरच्या काचेकडे बघून म्हणाला, “सर, घोडे गेले, गाव गेलं. तेवढा कागद राहू द्या.” चहा झाला. मी निघालो. काच अजून तिथेच आहे, असं ऐकतो.

त्याच महिन्यात कधीतरी ब्रांकालेओने दुसऱ्यांदा पाहिला. शेवटी सारासेन फौजेला पकडतात, सुळावर चढायची वेळ येते, आणि सुटका करायला येतो कोण, तर नदीत ढकललेला आर्नोल्फो. सनदेचा खरा धनी जिवंत आहे. आता तोच त्यांना मारणार, तेवढ्यात दरीत पडलेला झेनोने आपल्या भक्तांसकट उगवतो. यांनी पवित्र भूमीला यायचं वचन दिलंय म्हणतो आणि सगळ्यांना घेऊन जातो. जहागीर नाही, सनद नाही. फौज पुन्हा चालू लागते, ब्रांकालेओने सर्वांत पुढे, छाती काढून. १९७० मध्ये मोनिचेल्लीनं तिला खरंच धर्मयुद्धावर पाठवलं; पण त्या दुसऱ्या भागात सनद नाही, म्हणून माझा जीव त्यात तितका रमत नाही.

पहिला भाग लावला की अजून मी एका ठिकाणी थांबवतो. आबाकुक पेटाऱ्यातून डोकं काढून चर्मपत्र वाचतोय, बाकीचे तोंडाकडे बघतायत. मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. पत्राची फाटकी कड कुठवर आलीय, ते बघतो.